रस्त्याचं ऋण

अमेरिकेत कुठलाही रस्ता खोदायच्या आधी डांबरावर रंग उमटतात. निळा म्हणजे पिण्याचं पाणी, लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, हिरवा सांडपाणी आणि नारिंगी म्हणजे टेलिफोन, केबल, फायबर. ८११ ला फोन करायचा, ज्यांच्या नळ्या आणि तारा जमिनीत आहेत त्यांनी येऊन खुणा करायच्या, मगच खोदायला हात घालायचा. कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका मध्यम शहराच्या पब्लिक वर्क्स खात्यात मी इंजिनिअर होते आणि नोकरीतला मोठा काळ या खुणांच्या मागे फिरण्यात गेला. आमच्याकडे पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन शहराची स्वतःची. वीज-गॅसच्या दरांवर नजर ठेवायला राज्याचा आयोग बसलेला. नारिंगी रेघ मात्र बहुतेक वेळा धंद्यासाठी आलेल्या केबल कंपनीची, आणि ती जाते सगळ्यांच्या जमिनीतून. जे सगळ्यांचं आहे ते एकाला वापरायला द्यायचं कुणी? आणि वापरणाऱ्यानं ते कुणाला आणि कशानं फेडायचं?

माझ्या लेखी हा प्रश्न आधी धर्माचा आहे आणि मग कायद्याचा. तो मला घरातूनच मिळाला. वडील वाईला शाळामास्तर होते आणि 'गीता प्रवचने' त्यांच्या टेबलावरून कधी हलली नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं, हे तर मराठी वाचकाला माहीत असतंच. त्यातल्या सतराव्या अध्यायावर वडील पुन्हा पुन्हा येत. माणूस तीन संस्थांमध्ये जन्माला येतो, असं विनोबा तिथे मांडतात: सृष्टी, समाज आणि स्वतःचं शरीर. आपण तिन्ही वापरतो आणि वापरल्यानं त्या झिजतात. सृष्टीची झीज भरून काढणं हा यज्ञ, समाजाकडून घेतलेलं परत करणं हे दान, आणि शरीर शुद्ध करत राहणं हे तप. दान म्हणजे उपकार, ही समजूत विनोबांनी तिथे मोडून काढली. आधी घेतलेलं असतं म्हणून द्यायचं असतं.

रस्त्यावर काम करताना यज्ञाचा भाग मला सोपा वाटायचा, कारण तो मोजता येतो. डांबर कापताना करवतीची रेघ सरळ आलीच पाहिजे. चर भरताना माती एकदम लोटायची नाही. थराथरानं दाबायची आणि थराची घनता यंत्रानं मोजायची. ९५ टक्के भरली नाही तर उकरून पुन्हा. मग खडी, मग कापलेल्या कडांना डांबराचा पातळ चिकट लेप, मग गरम डांबर आणि रोलर. एवढं नीट करूनही जोड राहतो. काही हिवाळे गेले की त्या जोडातून पाणी झिरपतं, चाकाखाली कडा तुटते आणि जो रस्ता आणखी बरीच वर्षं टिकला असता तो लवकर उखडतो. कंपनीच्या माणसांना मी हे दाखवत असे. चांगले मुकादम लगेच समजायचे, कारण रस्ता झिजतो हे त्यांनी हातांनी अनुभवलेलं असायचं.

अवघड होतं ते दान, म्हणजे समाजाचं देणं.

याचा पहिला मोठा निवाडा केबलच्या कितीतरी आधीचा आहे. सेंट लुई शहरानं आपल्या रस्त्यांवरच्या तारेच्या खांबांना वर्षाला खांबामागे ५ डॉलर लावले. वेस्टर्न युनियन ही तार कंपनी त्याविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १८९३ साली न्यायालयानं सांगितलं की हा कर नाही, हे भाडं आहे. रस्ता लोकांच्या येण्याजाण्यासाठी असतो. कुणी त्यातला तुकडा कायमचा अडवून बसला, तर तेवढ्यापुरता इतरांचा हक्क बाजूला सारला जातो, आणि त्याचा मोबदला मागायचा अधिकार शहराला आहे. मला हा निकाल फार आवडतो. खांब किती लहान, त्यानं फारसं काय अडतं, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

केबल टीव्ही आला तेव्हा हीच चौकट पुढे चालली. कंपनीनं शहराकडे यायचं, शहरानं ठरावीक वर्षांसाठी फ्रँचाइज, म्हणजे परवाना, द्यायची. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानं या व्यवहाराला मर्यादा घातल्या. केबलच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त फी घ्यायची नाही. वस्तीतले लोक गरीब आहेत म्हणून तिथे तार न्यायचं कंपनीनं टाळू नये, हे परवाना देणाऱ्यानं पाहायचं. आणि शहराला सार्वजनिक, शैक्षणिक व शासकीय वापरासाठी वाहिन्या मागता येतील. या तिसऱ्या गोष्टीत मला त्या कायद्याचा आत्मा दिसतो. ज्या रस्त्यातून तार गेली त्या रस्त्यावरच्या माणसाला त्या तारेवरून बोलता आलं पाहिजे, असं कुणाला तरी वाटलं होतं.

फ्रँचाइजच्या नूतनीकरणाच्या वेळी गावाच्या गरजा काय आहेत हे विचारण्याची रीतही त्याच कायद्यात आहे. आमच्याकडची एक सुनावणी मला चांगली आठवते. बोलायला आलेल्यांत एक पंजाबी ट्रक ड्रायव्हर होता. एक ऐकू न येणाऱ्या बाई होत्या, त्यांना कौन्सिलच्या सभेखाली अक्षरं हवी होती. मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेचा कार्यक्रम दाखवाल का, असं विचारायला आमच्यातलेच एक गृहस्थ आले होते. आणि एक पोर्तुगीज आजी होत्या. त्यांच्या चर्चचा फेस्टा दरवर्षी निघतो; गुडघ्यांमुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या मैत्रिणींना तो दिसावा एवढंच त्यांचं मागणं. कंपनीचा प्रतिनिधी पिवळ्या वहीत सगळं लिहून घेत होता. तो उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेला आणि म्हणाला, "आजी, पुढच्या फेस्टाला आमची कॅमेऱ्याची गाडी कुठे उभी करू तेवढं सांगा." गाडी आली. मिरवणूक आमच्या स्थानिक वाहिनीवर दिसली.

करारात शेवटी काय लिहिलं गेलं ते बहुतेकांना कळलंही नसेल. पण त्या खोलीत एका मोठ्या कंपनीच्या माणसाला एका म्हाताऱ्या बाईकडे बघून ऐकून घ्यावं लागलं होतं, कारण तिच्या घरासमोरचा रस्ता त्याला हवा होता.

२००५ साली टेक्सासनं हे सगळं उचलून राज्याच्या हातात दिलं. २००६ साली कॅलिफोर्नियानं तसाच कायदा केला. इंडियाना, न्यू जर्सी, नॉर्थ कॅरोलायना त्याच वर्षी, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत फ्लोरिडा, ओहायो, जॉर्जिया, टेनेसी अशी रांग लागली. टेलिफोन कंपन्यांना टीव्हीच्या धंद्यात उतरायचं होतं. एकट्या कॅलिफोर्नियात पावणेपाचशेहून जास्त शहरं. प्रत्येकाच्या दारात बसून वाटाघाटी करायला त्या तयार नव्हत्या. नव्या पद्धतीत कंपनी राज्याच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनकडे अर्ज करते. अर्ज पुरा आहे की नाही हे कमिशननं ३० दिवसांत सांगायचं, पुरा असेल तर त्यानंतर १४ दिवसांत परवाना द्यायचा. परवाना १० वर्षांचा. टेक्सासमध्ये तर कामाचे १७ दिवस पुरतात. कायद्यात आहे त्यापलीकडे कमिशननं काही मागायचं नाही. शहराला ५ टक्के मिळत राहतात, तिमाही संपल्यावर ४५ दिवसांच्या आत. रस्ता खोदायची परवानगी शहरच देतं, आणि ग्राहकसेवेचे नियम मोडले तर दंडही शहरच करतं. फक्त तुम्ही आमच्या गावात या किंवा येऊ नका, येणार असाल तर आमच्यासाठी काय कराल, हे विचारायची जागा शहराकडे उरली नाही.

आमच्या शहरात नव्या कंपनीच्या परवान्याची प्रत सिटी क्लार्कच्या टपालात आली. कंपनीचं काम चांगलं होतं, हे मी मुद्दाम नोंदवते. चर सरळ, पॅच दाबलेला, खुणा वेळेवर. पैसेही वेळच्या वेळी. हिशेब विभागातली माझी एक सहकारी मला म्हणायची, "चेक येतो, रस्ता नीट आहे, स्पर्धा आल्यानं लोकांना दुसरी कंपनी निवडता येते. तुला आणखी काय हवं आहे? आणि राज्य म्हणजे तरी कोण, आपणच ना?"

तिचा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. शेवटचा भाग तर या देशातला जुना वाद आहे आणि तोही रस्त्यावरूनच पेटला होता. १८६८ साली आयोवातल्या क्लिंटन शहराच्या रस्त्यांवरून रेल्वेला जायचं होतं. शहर नको म्हणत होतं, विधिमंडळानं परवानगी दिली होती. न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी निकाल दिला की शहर हे राज्याचंच निर्माण आहे. राज्यानं घडवलं, राज्य ते मोडूही शकतं. तीन वर्षांनी मिशिगनमध्ये न्यायमूर्ती थॉमस कूली यांच्यापुढे डेट्रॉइटच्या पब्लिक वर्क्स मंडळाचं प्रकरण आलं. राज्यानं त्यावर आपली माणसं नेमली होती. कूली यांचं म्हणणं नेमकं उलट पडलं: स्थानिक स्वराज्य हा लोकांचा मुळातला हक्क आहे, तो राज्यानं दिलेला नाही म्हणून राज्याला काढून घेता येत नाही. पुढे १९०७ साली सर्वोच्च न्यायालयानं पिट्सबर्गच्या खटल्यात डिलन यांच्या बाजूचा विचार उचलून धरला आणि कायद्यापुरता प्रश्न बऱ्याच अंशी मिटला. केबलचे राज्यस्तरीय कायदे त्याच पायावर उभे आहेत.

गाव जवळचं म्हणून ते आपोआप निर्मळ असतं असंही मी मानत नाही. टेलीप्रॉम्प्टर या त्या काळातल्या बलाढ्य केबल कंपनीचे प्रमुख अर्व्हिंग काह्न यांना १९७१ मध्ये शिक्षा झाली ती पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनच्या महापौराला आणि कौन्सिलच्या सभासदांना फ्रँचाइजसाठी लाच दिल्याबद्दल. समोरासमोर बसलं की हात ओला करणंही सोपं होतं. काही शहरं केबलशी संबंध नसलेल्या मागण्या करायची, काही नुसतीच महिनोन्‌महिने अर्ज दाबून ठेवायची. केंद्रीय दळणवळण आयोगानं अखेर अशा वाटाघाटींना ९० आणि १८० दिवसांची मुदत घातली, ती उगाच नाही.

तरीही माझ्या सहकारिणीला मी जे सांगत आले तेच इथे मांडते. किंमत आणि ऋण यांच्यात फरक आहे. किंमत चुकवली की संबंध संपतो. दोघं आपापल्या वाटेनं मोकळे. ऋण फेडायला, ज्याचं देणं लागतो तो माणूस समोर असावा लागतो. त्याला काय हवं आहे हे विचारावं लागतं, कारण आपण काय घेतलं ते त्यालाच ठाऊक असतं. पोर्तुगीज आजींचं देणं ५ टक्क्यांत बसत नव्हतं. ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणाला कळलंच नसतं. राज्याच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना नाही, आणि कमिशनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला तो घालायची मुभाही नाही.

याचे परिणाम कागदावर दिसायला वेळ लागतो, पण ते झाले. जुन्या करारांप्रमाणे कंपन्या जे स्टुडिओ चालवत त्यांची जबाबदारी कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याखाली त्यांच्यावरून उतरली. २००९ उजाडताना लॉस एंजेलिसमधले बारा सार्वजनिक स्टुडिओ बंद झाले. स्थानिक वाहिन्यांसाठी शहराला साधारण १ टक्का वेगळा घेता येतो, पण केंद्रीय कायद्याप्रमाणे त्या पैशातून भांडवली खर्चच करायचा. कॅमेरा घेता येतो, दिवे घेता येतात, भिंतीला आवाज शोषणारी पॅनेलं लावता येतात. कॅमेऱ्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यातून पगार देता येत नाही. पगार द्यायचा तर शहरानं आपल्या सर्वसाधारण निधीतून द्यायचा, आणि त्या निधीला पोलीस, अग्निशमन, उद्यानं, पेन्शन असे शंभर वाटेकरी. आमच्या वाचनालयामागच्या स्टुडिओत उत्तम कॅमेरे आहेत. गेल्या वेळी गेले तेव्हा त्यांच्यावर प्लास्टिकची कव्हरं होती आणि शिकवायला कुणी नव्हतं.

मग दोष परवाना राज्याच्या हातात असण्याचा आहे का? व्हरमाँट पाहिल्यावर मला तसं म्हणता येत नाही. तिथे केबलचा परवाना देणारं राज्यच आहे, आणि ते परवाना देताना तपासतं की यात लोकांचं हित आहे का. ग्राहकांच्या बिलातून येणारा पैसा स्थानिक प्रसारण केंद्रं चालवायला वापरला जातो. त्या चिमुकल्या राज्यात अशी वीसहून जास्त केंद्रं आहेत आणि गावच्या सभा तिथे लोक घरी बसून पाहतात. म्हणजे राज्यानंही विचारायचं ठरवलं तर विचारता येतं. टेक्सास-कॅलिफोर्नियाच्या वाटेनं गेलेल्या कायद्यांचा दोष हा की त्यांनी विचारण्याचं कामच रद्द केलं. सहीचा अधिकार राज्याकडे राहू दे; त्या सहीआधी प्रत्येक गावाला एक संध्याकाळ बोलता आलं पाहिजे, आणि तिथे जे मागितलं गेलं त्याचं उत्तर कंपनीनं लेखी दिलं पाहिजे. एवढी दुरुस्ती मला पुरेशी वाटते आणि ती मी आमच्या आमदारांना कळवलेलीही आहे.

दरम्यान रस्त्यातून काय वाहतं तेच बदललं. ओहायोतल्या मेपल हाइट्स या क्लीव्हलँडजवळच्या लहान शहरानं नेटफ्लिक्स आणि हुलूकडे फी मागितली. तुमची चित्रंही आमच्याच रस्त्यातून घरोघरी जातात, मग केबलवाल्याला लागू ते तुम्हाला का नाही, असा त्यांचा सवाल. २०२२ साली ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. या कंपन्यांनी रस्त्यात स्वतःची तार टाकलेली नाही, तार दुसऱ्याची आहे, म्हणून कायद्यात त्या बसत नाहीत. कायद्याचं वाचन म्हणून हे बरोबर असेल. विनोबांच्या कसोटीवर मात्र प्रश्न तसाच राहतो. चर खणणाऱ्यानं सृष्टीची झीज भरायची हे कळलं. ज्यानं चर खणला नाही पण त्यातून रोज ये-जा करतो, तो कुणाचंच देणं लागत नाही का? लोक केबल सोडून तिकडे जातात तसतसं शहराचं ५ टक्क्यांचं उत्पन्न आटतं, आणि कात्री प्रथम स्थानिक वाहिनीला लागते.

या सगळ्यात कंपन्यांबद्दल लिहिताना एक गोष्ट मागे राहायला नको. केबलच्या बिलावर शेवटी बारीक अक्षरांत 'फ्रँचाइज फी' अशी ओळ असते, कॅलिफोर्नियात बऱ्याच ठिकाणी तिच्याखाली आणखी एक, स्थानिक वाहिन्यांची. केंद्रीय कायदा कंपनीला ही रक्कम बिलात वेगळी दाखवू देतो, आणि ती भरतो ग्राहक. म्हणजे इतकी वर्षं ज्याला आपण कंपनीचं देणं म्हणतो ते तुम्ही-आम्ही देत आलो आहोत. देताना आपल्याला त्याची जाणीव नव्हती, आणि ते पुढे कशाला वापरलं गेलं हे आपण विचारलं नाही. समाजाकडून घेतलेलं परत करायचं ते काम कंपनी, शहर आणि राज्य यांच्यावर सोपवून आपण टीव्ही लावून बसलो. इथल्या मराठी घरांत ही उदासीनता मला जास्त जाणवते. मंडळाच्या नाटकासाठी हॉल भाड्यानं घ्यायला आपण हजारो डॉलर जमवतो, आणि ज्या स्टुडिओचं भाडं आपण बिलातून आधीच भरलं आहे तिथे पाऊल ठेवत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. बिल काढून त्या दोन ओळी बघा. मग शहराच्या बजेटमध्ये तो पैसा कुठे जातो ते शोधा, आणि स्थानिक वाहिनीसाठी एका माणसाचा पगार मागा. एकट्यानं जाऊ नका. शेजारच्या फिलिपिनो, पंजाबी, मेक्सिकन घरांनाही विचारा, त्यांच्याकडेही दाखवण्यासारखं खूप आहे. कॅलिफोर्नियातल्या शहरांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि बजेट बहुतेक ठिकाणी जूनमध्ये मंजूर होतं. १९५३ च्या ब्राउन कायद्यानं कौन्सिलच्या नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही.